पाठपोट कागद

९ जून

चि. बडबडीस अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर बोलायला गेले तर माझा आवाज चढतो आणि तुझ्याकडचा तुटतो, म्हणून लिहायला बसले. तब्येत बरी आहे. गुडघाही आहे तिथेच आहे, जिना चढताना माझ्या आधी तोच कुरकुरतो.

आता मुद्द्याचं. सोमवारी आमच्या रुग्णालयाच्या ऑफिसातल्या बड्या बाबूंनी आम्हा चौदाजणींना, म्हणजे वॉर्डात ज्यांना सगळे मावशी म्हणतात त्या आयांना, औषधांच्या कोठाराबाहेरच्या बोळात उभं केलं आणि एक परिपत्रक वाचून दाखवलं. येत्या ३१ मार्चपर्यंत जिच्याकडे दहावी पास झाल्याचा दाखला नसेल, तिची कायम नोकरी जाणार आणि तिला कंत्राटावर घेणार. कंत्राट म्हणजे दर सहा महिन्यांनी नवा कागद, आजारी पडलं तर घरी बसा, आणि पेन्शनचं नाव काढू नका. ज्यांना परीक्षेच्या फंदात पडायचं नाही त्यांनी आत्ताच संमतीपत्रावर सही करावी, म्हणजे कंत्राटात पहिला नंबर लागेल, असंही म्हणाले. जसं काही आम्हाला बक्षीसच देत होते.

मुलांच्या वॉर्डात मला चोवीस वर्षं झाली गं. गेल्याच आठवड्यात नव्या डॉक्टरीणबाई एका तान्ह्या पोराला चौथ्यांदा सुई टोचत होत्या, शीर काही सापडेना. मी गरम पाण्यात फडकं पिळून त्याचा हात शेकला, त्याला मांडीवर घेतलं, आणि इथे टोचा म्हणून बोट ठेवलं. पहिल्या फटक्यात लागली. आता हीच मी दहावी नाही म्हणून चालणार नाही.

माझ्याच वॉर्डातली लांबी, तीच ती, दोन ढांगांत वॉर्ड ओलांडते, ती म्हणाली की सही करून मोकळं व्हावं, हत्तीशी कोण झुंजणार. मी म्हटलं, थांब, माझी मुलगी एवढी शिकली आहे ती कशाला.

बाबू कागद हातात देत नव्हते. शिपायाला गळ घालून मी त्याची पाठपोट झेरॉक्स काढून घेतली. एक प्रत माझ्याकडे ठेवली, एक सोबत पाठवते. मी चौथीपर्यंतची. पहिल्या वाक्यातच माझा श्वास संपला. मागच्या बाजूलाही थोडं लिहिलं आहे, त्याचं काय ते बघ. नीट वाच आणि सांग, मी काय करू.

जेवत जा वेळेवर. तुझ्या शब्दाची वाट बघते आहे.

तुझी आई


१७ जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि कागद मिळाला. भाषा नेहमीसारखी खडे चावल्यासारखी आहे, पण अर्थ स्वच्छ आहे. दहावी किंवा कंत्राट. राग येतो, पण नियम तो नियम. तेव्हा सही अजिबात करायची नाही आणि दहावीला बसायचं. मी चौकशी केली. मोठ्या माणसांना शाळेचा दाखला नसला तरी बाहेरून बसता येतं. तुमच्या बसथांब्यामागच्या शाळेत असे वर्ग भरतात. फॉर्म भरून पाठवते आहे, फक्त फोटो चिकटव, आणि हसरा नको, फॉर्मवर हसायचं नसतं.

मागच्या बाजूचं तू विचारलंस. तिथे प्रत कोणाकोणाला पाठवली त्याची यादी असते. त्यात बघण्यासारखं काही नसतं.

एक अट माझीही. यापुढे महत्त्वाचं सगळं पत्रातच लिहायचं. भाषेच्या पेपरात पत्रलेखन असतं, एक घरगुती आणि एक कार्यालयीन. घरगुतीचा सराव माझ्यावर कर. चुका मी कळवीन. पहिली चूक, मुद्द्यावर यायला तुला गुडघ्यावरून जावं लागतं.

माझं म्हणशील तर वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात बडबड चालू आहे. समोर कार्ड चिकटवलं आहे, त्यावर सात वाक्यं आहेत, आठवं बोलायचं नाही. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, हे मी काल एकशे दहा वेळा म्हटलं आणि एकदाही दिलगीर नव्हते. राज्यशास्त्रात एम.ए., पहिली श्रेणी, आणि नाव विचारलं कोणी तर सांगायचं टेबल क्रमांक बावीस. तुला अभ्यास कर म्हणताना कधी कधी मलाच हसू येतं. पण तुझी गोष्ट वेगळी. तुला त्या कागदाचा उपयोग तरी आहे.

गुडघ्याला तेल लाव. माया आहे तशीच ठेव, ती परीक्षेला धरत नाहीत.

तुझी बडबडी


२८ जुलै

चि. बडबडीस अ. आशीर्वाद.

बघ, सरळ मुद्द्यावर येते. मी शाळेत जाते.

रविवारी सकाळी, आणि मंगळवारी-शुक्रवारी दोनची ड्यूटी सुटल्यावर. बाक पोरांचे आहेत. बसलं की गुडघे हनुवटीला लागतात आणि उठायला शेजारणीचा खांदा लागतो. मास्तर तुझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे असतील, पण माणूस चांगला. चुकलं तर हसत नाहीत, खडू फिरवत उभे राहतात.

भाषा जमते आहे. इतिहासात माणसं फार, पण वॉर्डात चाळीस पोरांची नावं आणि दुखणी पाठ असतात, तर हे काय. मेलं गणित आडवं येतं. त्यात एक क्ष आहे. त्याची किंमत काढा म्हणतात. जो कोण, कुठला, कोणाचा ते सांगत नाहीत, त्याची किंमत मी का काढावी? मास्तरांना तसं विचारलं तर वर्ग हसला, आणि मला मात्र रडू येत होतं. सकाळी सहापासून दोनपर्यंत पायांवर उभं राहून तिथे जायचं, आणि पाटीवर पुन्हा शून्य. चौथीतून काढलं तेव्हा मी पहिली यायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. पाठची भावंडं सांभाळायची होती. तेव्हा राग आला नव्हता. आता पन्नाशी उलटल्यावर येतो आहे.

एक गोष्ट मात्र शिकले. मास्तर म्हणतात, लांबलचक वाक्याला घाबरायचं नाही. सरळ शेवटाला जायचं आणि क्रियापद पकडायचं. मग त्याला विचारत सुटायचं, कोण, काय, कोणाला. कोंबडी पायाला धरली की फडफडते पण सुटत नाही, तसं. आता मी औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठ्यासुद्धा वाचते. सिस्टर म्हणतात, मावशी डॉक्टर होणार.

लांबीने सही केली. तिच्याबरोबर आणखी आठजणींनी. बाबूंनी एकेकीला आत बोलावून चहा दिला म्हणे. चोवीस वर्षांत मला कधी पाणी विचारलं नाही त्या खोलीत. मी लांबीला म्हटलं, थांबायचं होतंस, एकत्र अभ्यास केला असता. तर म्हणाली की घरी अंथरुणाला खिळलेली सासू, दोन डब्यांची घाई, तिथे क्ष आणि य कुठे ठेवू.

काळजी घे. रागावलीस तरी पत्र पाठव.

आई


२० ऑगस्ट

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र उत्तम, दहापैकी सात. तीन गुण मेल्या गणिताला शिव्या घातल्याबद्दल कापले.

लांबीमावशींचं वाचून मात्र वाईट वाटलं आणि रागही आला. आई, हेच आपल्या लोकांचं चुकतं. समोर कागद आला की सही. काय लिहिलं आहे, कोणी लिहिलं आहे, आपला हक्क काय, काही विचारायचं नाही. शिक्षण नसलं की माणूस असा अडाणी राहतो, आणि अडाणी माणसाला कोणीही चहाच्या कपात बुडवतं. मी एम.ए.ला हेच लिहिलं होतं, नागरिक आणि शासन या विषयावर ऐंशी पानं. नागरिक घडतो तो वाचनातून. मावशींना हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

तू तरी खचू नकोस. क्ष कोण हे विचारायचं नसतं, तो कितीचा आहे एवढंच बघायचं असतं. रोज पाच गणितं.

इथे नवीन काही नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर इंजिनियर आहे, पलीकडे गणिताची एम.एस्सी. सगळे तीच सात वाक्यं बोलतो. दुपारच्या सुट्टीत कोणी कोणाला डिग्री विचारत नाही, वाईट दिसतं.

तुझी बडबडी


११ ऑक्टोबर

चि. बडबडी,

आशीर्वाद आहेतच. पण आज राग आधी लिहिते.

गेल्या मंगळवारी मास्तरांनी सांगितलं होतं की पुढच्या वेळी घरातला एखादा सरकारी कागद आणा, बिल, नोटीस, काहीही, आपण त्याची चिरफाड करू. मी परिपत्रकाची झेरॉक्स नेली. पुढची बाजू मला जवळजवळ पाठच झाली होती. म्हणून मास्तर म्हणाले, मागची घ्या. मी म्हटलं, मागे नुसती यादी आहे, माझी मुलगी सांगते. ते म्हणाले, यादी तर यादी, वाचा.

यादी होती. खाली होती, चार ओळींची. तिच्यावर एक वाक्य होतं, ते तुला उतरवून पाठवते. मात्र या परिपत्रकाच्या दिनांकास ज्या कर्मचाऱ्यांची सलग पंधरा वर्षे सेवा पूर्ण झालेली आहे, अशा कर्मचाऱ्यांस परिच्छेद दोनमधील शैक्षणिक अर्हतेची अट लागू राहणार नाही.

मी शेवटाला गेले. राहणार नाही. काय राहणार नाही? अट. कोणाला? पंधरा वर्षं झालेल्यांना. माझं बोट त्या ओळीवरून हलेना. मास्तरांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून ते समजावायला आले. मी त्यांना म्हटलं की कळलं, मला चोवीस झाली आहेत.

वर्गातल्यांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टर आहेत एक आमच्यात, ते म्हणाले, बाई, पेढे काढा. मला पेढे सुचत नव्हते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाच महिने मी रोज सकाळी उठून वॉर्डाकडे असं बघत होते की हे आता आपलं नाही. गणिताच्या चाचणीत पन्नासात नऊ मिळाले त्या दिवशी औषधांच्या कपाटामागे उभी राहून रडले. कशासाठी?

बड्या बाबूंनी पान उलटलं नाही, ते मी समजू शकते. त्यांचा माझा काय संबंध. पण तुला मी पाठपोट कागद पाठवला होता. मागे काय आहे ते बघ म्हणून विचारलंही होतं. तू का नाही उलटलंस?

लांबीला तू अडाणी म्हणालीस. तिने न वाचता सही केली. तू न वाचता सल्ला दिलास. दोघींत शिकलेली कोणती, ते तुझ्या ऐंशी पानांत कुठे लिहिलं असेल तर कळव.

आई


१९ ऑक्टोबर

ती. आईस,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू, पण लिहिते.

पान उलटलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत एका हातात डबा धरून वाचलं. पहिल्या बाजूला अट दिसली, तारीख दिसली, आणि मला वाटलं, झालं. मागे यादी असते हे मी कुठेही पाहून लिहिलं नव्हतं. तुला उत्तर द्यायचं म्हणून लिहिलं. तुला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, अशी आपली वाटणीच पडून गेली आहे ना, त्या तोऱ्यात लिहिलं.

दोन दिवस स्वतःची बाजू मांडायचा प्रयत्न करत होते. आम्हाला असंच शिकवलं, असं लिहिणार होते. परीक्षेला पहिली तीन प्रकरणं येत, चौथं कोणी उघडत नसे, आणि मी तीन प्रकरणांवर पहिली आले. ते खरंच आहे. पण त्याहून खरं हे की वरून आलेल्या कागदाला प्रश्न विचारायचा असतो, हे माझ्या मनातच आलं नाही. मी तो पाळायला बसले आणि तुलाही पाळायला लावलं. हक्क वगैरे मी फक्त उत्तरपत्रिकेत लिहिले.

मी दोन दिवसांची रजा काढते. येऊन अधीक्षकांशी स्वतः बोलते. एवढं तरी करू दे.

तुझी मुलगी


२४ नोव्हेंबर

चि. बडबडीस आशीर्वाद.

येऊ नकोस म्हणून फोनवर तुटक बोलले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. राग थोडा होता. पण खरं कारण असं की तू बोलली असतीस तर त्यांनी तुला उत्तर दिलं असतं. मला हवं होतं की त्यांनी मला उत्तर द्यावं.

मी गेले. बड्या बाबूंच्या टेबलावर कागद उलटा ठेवला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले की मावशी, याचा अर्थ लावायचं काम आमचं. मी म्हटलं, मग लावा, मी थांबते. ते म्हणाले, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, माझी ड्यूटी दोनला सुटली, मला घाई नाही. ते चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, आम्हाला वरून पहिलं पानच आलं होतं. मी म्हटलं, मी झेरॉक्स तुमच्याच फाइलमधून काढली.

मग मी अर्ज लिहिला. कार्यालयीन पत्र, अगदी विषय, संदर्भ, महोदय सगळं जिथल्या तिथे. मास्तरांना दाखवलासुद्धा नाही. बाबू ठेवून जा म्हणाले. मी पोच मागितली. म्हणाले, शिक्का सापडत नाही. मी बाकावर बसले. साडेचारला शिक्का सापडला.

सही न केलेल्या आम्हा पाचजणींना पंधरा दिवसांत पत्र आलं, अट लागू नाही म्हणून. माफीचा एक शब्द नाही. बाकी नऊजणींचं विचारलं तर म्हणे त्यांनी स्वेच्छेने संमती दिली आहे, प्रश्नच मिटला. स्वेच्छा म्हणे! चहाच्या कपात किती स्वेच्छा विरघळली ते मी सांगू शकते.

त्यांच्या वतीने अर्ज करायचा तर त्यांच्या सह्या हव्यात, आणि त्या सही करत नाहीत. एकदा सही करून बुडालो, आता कशावरच करणार नाही म्हणतात. नवातल्या चौघी कशाबशा तयार झाल्या. लांबी नाही. ती आता माझ्याशी बोलतही नाही. पोराला अंघोळ घालताना साबण हवा असला तर सिस्टरांना सांगते, की त्यांना सांगा. परवा मी तिला जिन्यात गाठलं. तर म्हणाली की तुझ्याकडे कागद जूनपासून होता, तुझी मुलगी एम.ए., आणि तुला कळलं ऑक्टोबरात. आधी कळलं असतं तर मी सही केली असती का?

तुझ्यावर राग काढून मी मोकळी झाले होते. तिने तो परत माझ्याच हातात दिला. कागद माझ्याही उशाशी होता ना. मीही पाच महिने पुढचीच बाजू घोकत होते.

थंडी वाढली आहे, कानाला गुंडाळत जा.

आई


६ जानेवारी

ती. आईस शि. सा. न.

तुला विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून न विचारता एक काम केलं. तुमचे सेवा-नियम मागवले आणि वाचले. एकशे बारा पानं, पुढची, मागची आणि परिशिष्टं. झोप आली की उभी राहून वाचलं. सत्त्याऐंशीव्या पानावर आहे की दिलेली संमती मागे घेण्यासाठी एक वर्षाच्या आत रुग्णालयाच्या मंडळाकडे अपील करता येतं, आणि नियम पूर्ण न सांगता घेतलेली संमती हे त्याला पुरेसं कारण आहे. ते पान सोबत आहे. या वेळी तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः वाच, मास्तरांना दाखव, मग ठरव. अर्ज तुझा तूच लिही.

इथलं सांगायचं तर मला मेमो मिळाला. एक म्हाताऱ्या बाई फोनवर होत्या, तीन दिवस घरात वीज नाही, आणि नवरा श्वासाच्या यंत्रावर. शेजाऱ्याकडून तार ओढून यंत्र चालवत होत्या. मी दिलगीर आहोत म्हटलं, दुसरं वाक्य म्हटलं, तिसरं म्हटलं, आणि मग मला ते होईना. मी त्यांना सांगितलं की बिल घ्या, उलटा, मागे बारीक अक्षरात पाचवा नियम आहे, घरात असं यंत्र असेल तर सहा तासांत दुरुस्ती करायला आम्ही बांधील आहोत, तो आकडा सांगून लेखी तक्रार करा. संध्याकाळी त्यांच्याकडे वीज आली. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकांनी मला बोलावलं आणि रेकॉर्डिंग ऐकवलं. म्हणाले, हे कार्डावर नाही. मी म्हटलं, बिलावर आहे. ते म्हणाले की तुम्हाला बिल वाचायला ठेवलेलं नाही.

पुढच्या महिन्यात करार संपतो, नवा करतील असं वाटत नाही. शूर वगैरे वाटत नाही आहे, आई. भीती वाटते, आणि चिडचिड होते की एवढ्याशा गोष्टीसाठी नोकरी जावी, आणि एवढीशी गोष्ट करायला मला या टेबलावर अडीच वर्षं लागावीत.

लोभ मागायचा माझा हक्क सध्या स्थगित आहे. तरी मागते.

तुझी बडबडी


१८ एप्रिल

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद, मनापासून.

नोकरी गेल्याचं फोनवर ऐकलं तेव्हा मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण रागावले नसेन अशी आशा आहे. ग्राहकांच्या तक्रारी लिहून देणाऱ्या त्या छोट्या संस्थेत तू जाते आहेस ते बरं केलंस. टिकेल का, असं आईच्या तोंडी येतंच, तेवढं सोडून दे.

तू पाठवलेलं सत्त्याऐंशीवं पान मी वाचलं. खरं होतं. ते घेऊन मी नऊही जणींच्या घरी गेले. या वेळी सही मागितली नाही. फक्त दोन्ही बाजू मोठ्याने वाचल्या आणि कागद त्यांच्या हातात दिला. सगळ्यात शेवटी लांबीकडे. तिने दारातच उभं ठेवलं. तीनदा वाचायला लावलं, मग स्वतः ओठ हलवत वाचलं, आणि माझ्याकडे न बघता सही केली.

गेल्या आठवड्यात मंडळापुढे सुनावणी झाली. नवातल्या आठजणी पुन्हा कायम झाल्या. राहिली ती लांबी. ती लागून सतरा वर्षं झाली, पण पहिली तीन वर्षं तिची हजेरी साध्या वहीत मांडत आणि ती वही सेवापुस्तकात कोणी उतरवलीच नाही. कागदावर तिची भरतात चौदा वर्षं आणि पाच महिने. सात महिने कमी. पंधरा नाहीत म्हणजे सूट नाही. तिला एवढीच सवलत दिली की पुढच्या मार्चपर्यंत दहावी व्हायचं. जी वही उतरवली नाही तिचं काय, असं मी तिथेच विचारलं. म्हणाले, वेगळा अर्ज करा. केला आहे. उत्तर नाही. पोच आहे.

ज्या बाईसाठी मी हे सगळं ओढलं तीच मागे राहिली. माझं पत्र मात्र कपाटात आहे, अट लागू नाही म्हणून. ते बघितलं की मला आनंद होत नाही.

मी परीक्षा दिली. मास्तर म्हणाले, तुम्हाला आता गरज नाही. मी म्हटलं, गरज होती तेव्हा रडत आले, आता माझ्या मर्जीने येते. भाषा, इतिहास, शास्त्र बरं गेलं. गणितात मी गेलेच, त्याला निकालाची वाट बघायला नको. पुन्हा बसणार आहे.

रविवारी वर्गात गेले तर पुढच्या बाकावर लांबी. पाय बाकाखाली मावत नव्हते, एक वाटेत पसरला होता. तू विसरली असशील, ती सातवी शिकलेली आहे, माझ्याहून तीन इयत्ता वर. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी माझ्या क्षशी झटत होते, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा कागद फाटला. तेवढ्यात तिने मागे वळून माझी वही ओढली, तीन ओळींत गणित सोडवलं आणि वही ढकलून दिली. मग मास्तरांना मोठ्याने म्हणाली, या बाईला सांगा, बाजू बदलली की चिन्ह बदलतं, एवढंही कळत नाही.

मास्तर मला सांगायला वळले. मी म्हटलं, मला ऐकू आलं.

माया कमी करू नकोस. आणि माझ्या चुका कळवत जा, मी तुझ्या कळवीन.

तुझी आई